मराठवाड्यांतील शक्तिसाधनें व त्यांचे गुणदोष : अहमदपूर तालुक्याच्या दृष्टीनें

(१) विषय व त्याची मर्यादा

दगडी कोळसा व खनिज तेल यांखेरीज जीं शक्तिसाधनें अलीकडे पुढें आलीं आहेत, त्यांस सरकारी कागदांत कधीं 'अपारंपरिक' तर कधीं 'पर्यायी' हें नांव दिलेलें आढळतें. हीं नांवें अगदीं आधुनिक आहेत. १९७३ सालीं पश्चिम आशियांतील तेलाचे भाव एकाएकीं चढले, तेव्हां सर्वच देशांना दुसऱ्या साधनांचा शोध घेणें भाग पडलें. आपल्याकडे मध्यवर्ती सरकारनें १९८१ मध्यें त्यासाठीं एक आयोग नेमला, १९८२ मध्यें स्वतंत्र खातें निर्माण केलें, आणि महाराष्ट्रांत १९८५ मध्यें 'महाऊर्जा' ही संस्था स्थापन झाली. एवढ्यावरून वाहतें पाणी, ऊन व शेण यांपासून काम करून घेण्याची कल्पना अर्धशतकापलीकडची नसावी असा समज होतो. इतिहास पाहूं गेल्यास हा समज उलटा ठरतो. या भूमींत परंपरेनें चालत आलें तें मनुष्याचें, बैलाचें व क्वचित् पाण्याचें बळ; कोळसा हाच येथला नवखा पाहुणा असून मराठवाड्यांत त्याचें वय सव्वाशें वर्षांहून फारसें अधिक नाहीं. 'अपारंपरिक' हा शब्द कोणास लावावयाचाच झाला, तर तो आधीं कोळशास लावावा लागेल.

दुसरी गोष्ट अशी कीं, या साधनांच्या गुणदोषांच्या ज्या याद्या सामान्यतः वाचावयास मिळतात, त्या सर्व देशांस सरसकट लावलेल्या असतात. ऊन फुकट आहे, पण रात्रीं नाहीं, वारा निर्मळ आहे, पण लहरी आहे, धरणाच्या विजेस धूर नाहीं, पण गांवें बुडतात, इत्यादि. या याद्या खोट्या नव्हेत. परंतु स्थलाचा विचार सोडून केलेल्या असल्यामुळें त्यांवरून एखाद्या प्रदेशानें काय निवडावें याचा निर्णय होत नाहीं. अहमदपूर तालुका डोळ्यांपुढें ठेवून आम्ही जुन्या व नव्या साधनांचा क्रमानें विचार करूं लागलों, तेव्हां एकच कसोटी वारंवार पुढें आली. ती ही कीं, हें साधन पाणी किती पितें, आणि ज्या वर्षीं पाऊस पाठ फिरवतो त्या वर्षीं तें उभें राहतें कीं बसतें? प्रस्तुत लेखांत हीच कसोटी प्रत्येक साधनास लावून पाहण्याचा आमचा हेतु आहे.

(२) प्रदेश

अहमदपूर हें नांदेड-लातूर रस्त्यावरील तालुक्याचें ठिकाण होय. बालाघाटचें पठार आणि मन्याड नदीचें खोरें यांत हा तालुका वसला आहे. निजामी अमदानींत तो बीदर जिल्ह्यांत मोडत असे. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. १९५६ च्या प्रांतरचनेंत अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके बीदरपासून तुटून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यास जोडले गेले. आणि १९८२ मध्यें लातूर जिल्हा निराळा झाला तेव्हां अहमदपूर त्यांत आलें. पाऊणशें वर्षांत तीन जिल्हे व तीन राज्यें पाहिलेल्या या तालुक्याचें दफ्तर त्यामुळें विखुरलें, व त्याच्या आर्थिक इतिहासाकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं.

जमिनीचा प्रकार मात्र कोणत्याही सरकारानें बदललेला नाहीं. वर काळी माती व खालीं काळा पाषाण. या पाषाणांत पाणी मुरतें तें भेगांतून व कुजक्या थरांतून, म्हणजे थोडें व सावकाश. नद्या पावसाळ्यांत धांवतात व उन्हाळ्यांत वाळूची रेघ होऊन राहतात. येथें कोळशाची खाण नाहीं, बारमाही धबधबा नाहीं, दाट अरण्य नाहीं. जें आहे तें ऊन, मोसमी वारा, आणि पिकाचा उरलेला काडीकचरा. या शिदोरीवर येथील लोकांनीं काम कसें भागविलें हें पाहणें बोधप्रद आहे.

(३) मोट व तिचे बैल

शेतीच्या कामांत शक्तीचा खरा खर्च पाणी वर काढण्यांत होतो. विजेचा पंप येईपर्यंत हें काम मोटेनें होत असे. विहिरीच्या कांठावर चाक, चाकावरून नाडा, नाड्याच्या टोकास चामड्याची मोट, आणि दुसऱ्या टोकास जुंपलेले बैल. बैल धावेवरून उतारानें खालीं गेले कीं मोट वर येई, थारोळ्यांत रिकामी होई, आणि पाणी पाटानें शेतांत जाई. उतार बैलाच्या अंगाचें ओझेंही कामास लावी, ही या योजनेंतील खरी युक्ति होय.

मोटेचे गुण उघड आहेत. तिचा प्रत्येक भाग गांवांत तयार होई व गांवांत दुरुस्त होई. सुतार, लोहार, चांभार व दोर वळणारा यांस तिच्यापासून बलुतें मिळे. बैलाचें शेण शेतास मिळे. दोषही तितकेच उघड आहेत: काम मंद, मनुष्य व जनावर दोघांसही कष्ट, आणि एका मोटेखालीं भिजणारें क्षेत्र थोडें. परंतु याहून मोठा दोष दुष्काळांत दिसून येई. बैलाचें इंधन कडबा, व कडबा म्हणजे मागील वर्षाचा पाऊस. पाऊस चुकला कीं विहिरीचें पाणी व बैलाचा चारा हीं दोन्हीं एकदमच संपत. १६३०-३२ चा दख्खनचा दुष्काळ, १८७६-७८ चा दुष्काळ आणि १९७२ चा दुष्काळ, या तिन्हींत माणसाच्या बरोबरीनें गुरांचा प्रश्न उभा राहिला तो यामुळेंच. ज्या वर्षीं शक्तीची गरज सर्वांत अधिक, त्याच वर्षीं ती गोठ्यांतून नाहींशी होई.

असें असूनही मोटेचा एक गुण आजच्या यादींत कोणी घालीत नाहीं, तो येथें नोंदवून ठेवतों. बैल थकत. ते सोडले कीं विहीर विसावा घेई, आणि झरे तिला पुन्हां भरून काढीत. मोटेचा मंदपणा हाच विहिरीचा राखणदार होता. याचा उपयोग पुढें होईल.

(४) पाणचक्की

वाहत्या पाण्याकडून दळण दळून घेण्याचें मराठवाड्यांतील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांत ती असून तिच्या बांधणीचें साल सामान्यतः १७४४ असें दिलें जातें. पाणचक्कीचें पाणी मलिक अंबरानें आणलें असें पुष्कळांच्या बोलण्यांत येतें. पण तें बरोबर नाहीं. मलिक अंबर १६२६ मध्यें वारला. त्याची नहर-ए-अंबरी निराळी व पाणचक्कीची नहर निराळी. तथापि डोंगरांतील झऱ्याचें पाणी भुयारी मार्गानें शहरांत आणण्याची जी रीत अंबरानें खडकी शहरांत रुजविली, तिचाच हा पुढील विस्तार होय, इतकें म्हणण्यास हरकत नाहीं.

रचना अशी आहे. शहराच्या उत्तरेकडील डोंगरांतून कित्येक मैल भुयारानें आलेलें पाणी उंच भिंतीवर चढविलें आहे. तेथून तें खालीं पडतें, आणि पडतांना जमिनीखालच्या आडव्या चक्राच्या पात्यांवर आदळतें. चक्राचा उभा दांडा वरच्या जात्याच्या तळीस जोडलेला असल्यामुळें तळी फिरूं लागते. दर्ग्यांतील फकीर व येणारे-जाणारे प्रवासी यांच्यासाठीं येथें पीठ निघे. तेंच पाणी पुढें हौदांत व बागेंत जाई. म्हणजे चक्कीनें पाणी खर्चिलें नाहीं, त्याच्या पडण्याचा फक्त लाभ घेतला. एकाच पाण्याकडून तीन कामें करून घेणारी ही व्यवस्था आजच्या अभियंत्यांनींही अभ्यासण्याजोगी आहे.

मग अशा चक्क्या गांवोगांव कां झाल्या नाहींत? उत्तर सोपें आहे. त्यांस बाराही महिने पाझरणारा डोंगर हवा, मैलोगणती नहर खोदण्याचें धन हवें, आणि ती साफ ठेवणारी संस्था हवी. या तिन्ही गोष्टी सरदार, बादशहा किंवा दर्गा यांजपाशीं असत. मन्याडकांठच्या कुणब्यापाशीं नसत. त्याच्या घरीं पहांटेचें जातें बायकांच्या हातानेंच फिरलें. नहरीचें पाणी घटलें कीं पाणचक्कीही थांबते, हें अलीकडील दुष्काळांत दिसून आलें आहे.

(५) कोळसा, वाफ आणि परळी

निजामाच्या राज्यांत, आजच्या तेलंगणांतील सिंगरेणी येथें, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोळसा निघूं लागला. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग गोदावरीच्या खोऱ्यांतून सुरू झाला, आणि १९११ मध्यें बार्शी लाईट रेल्वे लातुरास पोंचली. लोहमार्गाबरोबर कोळसा आला, व कोळशाबरोबर सरकी काढण्याचे व कापूस दाबण्याचे कारखाने आले. नांदेडास उस्मानशाही मिल निघाली. शक्ति हा बाहेरगांवाहून विकत आणावयाचा माल आहे ही कल्पना मराठवाड्यांत प्रथम या काळांत रूढ झाली.

या कल्पनेचा कळस म्हणजे परळी वैजनाथचें औष्णिक विद्युत्केंद्र. परळी अहमदपुराच्या शेजारीं आहे. येथें १९७१ मध्यें ३० मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला. पुढें २१० व नंतर २५० मेगावॉटचे संच आले. या केंद्रानें मराठवाड्याच्या विहिरींवर विजेचे पंप बसविण्यास मोठें साहाय्य केलें, व शेकडों कुटुंबांस नोकऱ्या दिल्या, हें कोणीही मान्य करील. दोषांच्या यादींत धूर व राख हीं नेहमीं येतात आणि तीं खरींही आहेत. परंतु परळीचा विशेष दोष तिसराच आहे.

कोळशाच्या केंद्रांत कोळसा जळतो खरा, पण काम करते ती वाफ. आणि ती वाफ थंड करण्यास पाणी लागतें. डिसेंबर २०१५ मध्यें केंद्र सरकारनें अशा जुन्या केंद्रांस दर मेगावॉट-तासास ३.५ घनमीटर पाण्याची मर्यादा घालून दिली. म्हणजे आपल्या घरांतील मीटरच्या दर युनिटामागें साडेतीन लिटर पाणी. या हिशेबानें २५० मेगावॉटचा एक संच पूर्ण भारानें एक अहोरात्र चालला तर २१,००० घनमीटर, म्हणजे २ कोटी १० लाख लिटर पाणी त्यास लागूं शकतें. परळीस हें पाणी गोदावरीवरील खडका बंधाऱ्यांतून मिळतें. फेब्रुवारी २०१३ मध्यें पाण्याअभावीं हें केंद्र बंद करावें लागलें, आणि जुलै २०१५ मध्यें तेंच पुन्हां घडलें. कोळसा होता, यंत्रें होतीं, माणसें होतीं, पाणी नव्हतें.

त्याच दुष्काळांत, एप्रिल २०१६ मध्यें, मिरजेहून लातुरास आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें. पन्नास वाघिणींच्या एका गाडीनें सुमारें २५ लाख लिटर पाणी येत असे. वर दिलेल्या आंकड्याशीं हा आंकडा ताडून पाहावा. अशा आठ गाड्यांहून अधिक पाणी २५० मेगावॉटचा एक संच एका दिवसांत घेऊं शकतो. एखाद्या समुद्रकांठच्या गांवास हा दोष दोषच वाटणार नाहीं. तारापूरच्या अणुकेंद्रास १९६९ पासून समुद्र आपलें पाणी देतच आहे. मराठवाड्यास मात्र तो प्राणाशीं निगडित आहे. गुणदोषांची यादी स्थलपरत्वें बदलते असें आम्ही म्हणतों तें या अर्थानें.

(६) धरणांची वीज

पाण्याच्या विजेचा मान महाराष्ट्रांत टाटांच्या योजनेस आहे. लोणावळ्याकडील तळीं व खोपोलीचें केंद्र यांतून १९१५ मध्यें मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस व त्याच्या पायथ्याशीं असलेला सरळ उतार यांचा तो सुंदर उपयोग होता. परंतु त्याच मालिकेंतील मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्यें मावळ्यांनीं सत्याग्रह मांडला, व सेनापति बापटांनीं त्याचें पुढारीपण केलें. धरण झालें, गांवें व भातखाचरें बुडालीं. वीज मुंबईस आणि पाण्याखालीं जमीन मावळास, अशी ती वांटणी होती. कोयनेचें केंद्र १९६२ मध्यें चालू झालें; ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे तेथें भूकंप होऊन सुमारें १८० माणसें दगावलीं, आणि जलाशयाच्या भाराचा त्याशीं संबंध असावा असें बहुतेक भूशास्त्रज्ञ मानूं लागले.

मराठवाड्यांत सह्याद्रीचा पाऊसही नाहीं व त्याचा कडाही नाहीं. पूर्णा नदीवरील येलदरी येथें ७.५ मेगावॉटचे तीन संच आहेत; तेथील वीज १९६८ च्या सुमारास निघूं लागली. पण ही वीज कालव्याची दासी आहे. पिकांस पाणी सोडावें तेव्हां चक्रें फिरावींत, एरव्हीं उभीं राहावींत, असा तिचा धर्म. पैठणचें जायकवाडी धरण १९७६ मध्यें पुरें झालें. तेथें १९८४ मध्यें १२ मेगावॉटचा एक निराळ्या जातीचा संच बसविण्यांत आला. तो पाणी खालीं सोडतांना वीज देतो, आणि उलट फिरवून वीज खर्चिली असतां तेंच पाणी पुन्हां वर चढवितो. याचें महत्त्व पुढें येईल.

(७) शेणाचा वायु व उसाचें चिपाड

शेणापासून जळणारा वायु काढण्याची युक्ति भारतांत प्रथम मुंबईच्या महारोग्यांच्या आश्रमांत झाली असें परदेशी व देशी पुस्तकांत लिहिलेलें असतें. तेथें मलमूत्रापासून वायु काढून दिवे लावीत. कित्येक ग्रंथांत यासाठीं १८५९ हें साल दिलेलें आहे. पण माटुंग्याचा तो आश्रम १८९० मध्यें स्थापन झाला असल्यामुळें तें साल त्यास लागू पडूं शकत नाहीं. दुसरें जें १८९७ हें साल सांगतात तेंच ग्राह्य धरावें लागतें. एकानें चुकीचें साल लिहावें व शंभरांनीं तें उतरून घ्यावें, हा प्रकार यंत्रविद्येच्या इतिहासांतही आहे हें यावरून ध्यानांत येईल. पुढें जशभाई पटेल यांनीं शेणासाठीं सोपें यंत्र सिद्ध केलें, व १९६० नंतर खादी-ग्रामोद्योग आयोगानें तें खेडोपाडीं नेलें.

'गोबर गॅस' या नांवानें हें साधन आतां घरोघर परिचयाचें आहे. त्याचा मोठा गुण असा कीं, गोवरी जाळली तर खत जातें, पण वायु काढून घेतला तरी खत शिल्लक राहतें; शिवाय चुलीच्या धुरापासून बायकांचे डोळे व छाती वांचतात. तुराट्या व पऱ्हाट्या गोळा करण्याचे त्यांचे श्रमही कमी होतात. परंतु दोन घनमीटरच्या घरगुती यंत्रास रोज सुमारें ५० किलो शेण लागतें, आणि तें कालविण्यास तितकेंच पाणी. ज्या उन्हाळ्यांत घागरभर पाण्यासाठीं टँकरची वाट पाहावी लागते, त्या उन्हाळ्यांत पन्नास लिटर पाणी यंत्रांत ओतणें कोणा गृहिणीस पटेल? आणि दुष्काळांत गुरें बाजारीं विकलीं म्हणजे शेणही गेलें. मोटेच्या बैलाचा जो दोष तोच येथें वेष पालटून पुन्हां आला आहे.

उसाच्या चिपाडावर वीज काढण्याचा मार्ग साखर कारखान्यांनीं धरला आहे. अहमदपूर तालुक्यांतच उजना येथें साखर कारखाना आहे. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक चिपाड निघतें. तें जाळून कारखाना आपली गरज भागवितो व उरलेली वीज विकूं शकतो. टाकाऊ वस्तूचा हा उपयोग प्रशंसनीय आहे. तथापि मूळ ऊस कोठून आला हें विचारल्यावांचून हिशेब पुरा होत नाहीं. उसास वर्षभरांत सुमारें २,००० मिलिमीटर पाणी लागतें. पाऊस त्याच्या निम्म्याहूनही कमी पडतो. उरलेलें पाणी विहिरीचें व धरणाचें. म्हणून चिपाडाची वीज ही वरवर पाहतां काडीकचऱ्याची असली तरी तिची मुळें जमिनीखालच्या पाण्यांत आहेत.

(८) सूर्य व वारा

सूर्यशक्तीचा इतिहास तर पुष्कळ वाचकांस नवलाचा वाटेल. १८७८ सालीं मुंबईच्या हायकोर्टांतील विल्यम ॲडम्स नांवाच्या एका अधिकाऱ्यानें उष्ण देशांत इंधनाऐवजीं सूर्याची उष्णता वापरण्यासंबंधीं इंग्रजींत एक ग्रंथ मुंबईंतच प्रसिद्ध केला. त्यानें केवळ ग्रंथ लिहिला असें नाहीं. मध्य कुलाब्यांतील आपल्या आवारांत त्यानें सपाट आरशांची एक मोठी मांडणी उभी केली. प्रत्येक आरसा १७ इंच लांब व १० इंच रुंद; असे ७२ आरसे असल्यास वाफेच्या यंत्रास पुरेल इतकी उष्णता मिळते असा त्याचा हिशेब होता. आरशांचा झोत एका स्थिर बंबावर पडे, सूर्य सरकला कीं एक मजूर सर्व मांडणी थोडी फिरवी, आणि बंबाच्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पाण्याचा पंप चाले. सुमारें दोन आठवडे दिवसां हा पंप चालवून त्यानें लोकांस दाखविला. उन्हावर अन्न शिजविण्याची आठ आरशांची पेटीही त्यानें बनविली होती.

ही गोष्ट दख्खनच्या १८७६-७८ च्या दुष्काळाच्या लगतची आहे, हें ध्यानांत घ्यावें. देशावर विहिरी आटून माणसें मरत होतीं, आणि मुंबईंत ऊन पाणी वर काढीत होतें. आज शेतकऱ्यास मिळणारा लहानांत लहान सौर पंप सामान्यतः तीन अश्वशक्तीचा असतो. म्हणजे ॲडम्सचें यंत्र त्याच्या फारसें मागें नव्हतें. मग तें पुढें कां गेलें नाहीं? आमचें मत असें कीं, १८६९ मध्यें सुएझचा कालवा उघडल्यावर विलायती कोळसा मुंबईस सुलभ झाला, देशी खाणी व लोहमार्ग वाढले, व ज्यांच्या हातीं भांडवल होतें त्यांस उन्हाची गरज उरली नाहीं. ज्यांस गरज होती त्यांच्या हातीं भांडवल नव्हतें. नव्या साधनाचें भवितव्य त्याच्या गुणांपेक्षां अशा गोष्टींवरच पुष्कळदां ठरतें.

आजची सूर्याची वीज वाफेवांचून होते. सिलिकनच्या पट्टीवर प्रकाश पडला कीं वीज निघते. म्हणून तिला थंड करण्याचें पाणी लागत नाहीं, फक्त धूळ धुण्यापुरतें लागतें. धुळें जिल्ह्यांत साक्रीजवळ २०१३ मध्यें १२५ मेगावॉटचें सरकारी केंद्र झालें. २०१७ पासून शेतीच्या पंपांस दिवसां सौर वीज देण्याची योजना राज्यानें हातीं घेतली. दर मेगावॉटास चार-पांच एकर जमीन अडकते, रात्रीं वीज नाहीं, पावसाळी ढगांत ती घटते, आणि पंचवीसएक वर्षांनीं जुन्या पट्ट्यांचा ढीग कोठें टाकावा हा प्रश्न उरतो. हे दोष लपविण्यांत अर्थ नाहीं.

वाऱ्याची वीज भारतांत १९८६ मध्यें प्रथम मोठ्या प्रमाणावर आली, आणि आरंभीच्या ठिकाणांत रत्नागिरी होतें. पुढें साताऱ्याच्या पठारावर व त्यानंतर बीड व धाराशिव जिल्ह्यांच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. वाऱ्यासही पाणी लागत नाहीं. पात्यांखालची बहुतेक जमीन पेरतां येते; मात्र रस्ते, पाये व तारा यांसाठीं लहान शेतकऱ्याचें शेत तुकड्यांत मोडतें, आणि ज्याच्या शेतांत चक्की नाहीं त्यास आवाजाखेरीज कांहीं मिळत नाहीं. आपल्याकडे वारा जोरानें वाहतो तो जून ते सप्टेंबर; ऊन कडक पडतें तें फेब्रुवारी ते मे. म्हणजे एकाचा दुबळा काळ तोच दुसऱ्याचा बळाचा. शेतकऱ्यास पाणी उपसावें लागतें तें बहुधा पावसाळ्यानंतर, व दिवसां. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर मराठवाड्यापुरता सूर्य हा प्रमुख व वारा त्याचा पावसाळी साथीदार, असा निष्कर्ष निघतो.

(९) विवेचनाचा निष्कर्ष

येथवर पाहिलेल्या साधनांची वरील कसोटीनें वर्गवारी केली तर ती अशी होते. मोटेचा बैल, पाणचक्की, धरण, शेणाचा वायु, चिपाड व परळीचा कोळसा हीं सर्व साधनें, दिसण्यांत कितीही निराळीं असलीं तरी, पावसाच्या एकाच दोरीस बांधलेलीं आहेत. ती तुटली कीं सर्व एकदम खालीं येतात. सूर्य व वारा हे दोनच त्या दोरीबाहेर आहेत. किंबहुना दुष्काळाच्या वर्षीं आकाश अधिक निरभ्र असतें, म्हणजे सूर्य त्या वर्षीं अधिक काम देतो. सातशें-आठशें मिलिमीटर बेभरवशाच्या पावसाच्या प्रदेशास हा गुण इतर सर्व गुणांहून मोलाचा आहे.

परंतु येथें एक इशारा देणें अवश्य आहे. सूर्य पाणी पीत नाहीं. पण सूर्यावर चालणारा पंप पाणी उपसतो, आणि त्या उपशास वीजबिलाचा धाक नसतो. डिझेल महाग म्हणून जो हात आंखडत होता तो मोकळा होतो. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यानें ६० मीटर व त्याहून खोल विहिरींवर अधिसूचित क्षेत्रांत निर्बंध घातले आहेत. पण नुसत्या कायद्यानें पाण्याची पातळी वर येत नाहीं. मोटेच्या वेळीं विहिरीची राखण बैलाचा थकवा करीत असे, हें वर सांगितलेंच आहे. सौर पंप सूर्यास्तास थांबतो. त्याचा जो मोठा दोष म्हणून सांगितला जातो, तो रात्रीचा विसांवा या भूमींत विहिरीस उपकारकच आहे. तेव्हां घरांतील दिव्यासाठीं रात्रीची वीज सांठवावी हें योग्य. पण पंपही रात्रंदिवस चालावा म्हणून सांठवणीचा खटाटोप करणें हें आमच्या मतें घातक ठरेल.

सांठवण करावयाचीच झाली, तर पैठणच्या उलट फिरणाऱ्या संचाचें उदाहरण पुढें आहे. दिवसां उन्हाच्या विजेनें पाणी वर चढवावें व रात्रीं तें सोडून वीज घ्यावी. यांतही पाणी हवेंच. पण तें पुनः पुनः तेंच वापरलें जातें. पाणचक्कीनें एकाच पाण्याकडून तीन कामें करून घेतलीं, त्याच विचाराचें हें दुसरें रूप होय.

अहमदपूर तालुक्याचा पुढील अभ्यास करणाऱ्यांस एक विनंति आहे. जुन्या विहिरींवरील थारोळीं, धावा व दगडी कणे अद्याप कांहीं शेतांत उभे आहेत. ते ढांसळण्यापूर्वीं त्यांची मोजणी व्हावी. प्रत्येक विहिरीची खोली, मोटांची संख्या, आणि तींत चैत्रांत पाणी किती परुस राही, हें वृद्ध शेतकऱ्यांस विचारून लिहून ठेवावें. ज्या गांवीं सौर पंप येत आहेत तेथें शंभर वर्षांपूर्वीं पाणी किती हातांवर होतें, हें दाखविणारा याहून चांगला कागद कोणत्याही दफ्तरांत मिळण्याचा संभव नाहीं. आणि पंपाचा आंकडा ठरविणाऱ्यांस त्या कागदाची गरज आज आहे.